दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (जन्म : त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०, मृत्यू : नाशिक, १६ फेब्रुवारी १९४४) हे भारतीय चित्रपटनिर्माते, दिग्दर्शक, पटकथाकार, छायाचित्रकार व मुद्रणतज्ज्ञ होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या त्यांच्या मूकपटापासून भारतीय कथापटाची परंपरा सुरू झाली असे मानले जाते आणि त्यामुळे त्यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हटले जाते. या मोठ्या बिरुदाखाली त्यांचे दुसरे काम काहीसे झाकले गेले आहे. निर्जीव वस्तूंची एकेक चौकट टिपून त्यांना पडद्यावर सजीव करणारे, म्हणजे आज ज्याला अ‍ॅनिमेशन किंवा सचेतनपट म्हणतात त्या प्रकारचे लघुपट भारतात प्रथम करणाऱ्यांतही फाळके यांचेच नाव घ्यावे लागते. ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५) हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध लघुपट होय.

बालपण

फाळके यांचा जन्म नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. आईचे नाव द्वारकाबाई. घरात वेदपठण, पूजाअर्चा आणि पुराणश्रवण यांचे वातावरण होते. मुलाने वडिलांप्रमाणे शास्त्राध्ययन करावे अशी घरच्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. मुलाचा ओढा मात्र चित्रे काढणे, सोंगे घेणे, नाटके बसवणे आणि हातचलाखीचे खेळ करणे याकडे होता. दाजीशास्त्री यांची मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक म्हणून नेमणूक झाल्यावर कुटुंब मुंबईस आले आणि धुंडिराजांचे पुढील शिक्षण तेथे झाले.

त्यांच्या बालपणी चलच्चित्रे नव्हतीच. ल्युमिए बंधूंच्या चित्रफितींचा भारतातील पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला, तेव्हा फाळके सव्वीस वर्षांचे होते. त्यांची कल्पनाशक्ती घडली ती कीर्तनातल्या आख्यानांनी, देवळातल्या मूर्तींनी आणि भिंतीवरच्या देवादिकांच्या चित्रांनी. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो. कारण मूकपटाने त्यांच्या मनात नवी चित्रे घातली नाहीत, आधीपासून असलेली चित्रे हलवली.

कला, छायाचित्रण आणि जादू

१८८५ साली फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. त्यानंतर थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर ते बडोद्यास गेले आणि तेथील कलाभवनात त्यांनी तैलरंग व जलरंग चित्रकला, वास्तुकलेची मूलतत्त्वे आणि मूर्तिकाम यांचे शिक्षण घेतले. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांनी या विद्यार्थ्याची चुणूक ओळखली. छायाचित्रणाबरोबरच हाफटोन ठसे तयार करणे, प्रकाशशिलामुद्रण, तीन रंगांची छपाई ही कामे त्यांनी शिकून घेतली. त्यासाठी गज्जर यांनी त्यांना रतलामलाही पाठवले होते. १८९२ मध्ये अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळाले.

१८९५ च्या सुमारास त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला. तो फार काळ टिकला नाही. १९०० च्या प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी व मूल दगावले आणि ते खचून बडोद्यास परतले. छायाचित्र काढल्याने माणसाची शक्ती कॅमेऱ्यात ओढली जाते, असा समज तेव्हा लोकांत होता. त्यामुळे तेथेही धंदा बसेना. मग त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. याच काळात बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून त्यांनी जादूचे प्रयोग शिकून घेतले आणि आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केल्फा या नावाने ते जाहीर खेळ करू लागले.

जादूगार चित्रपटाकडे वळल्याचे हे एकटेच उदाहरण नव्हे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिए हेही मूळचे जादूगारच होते. प्रेक्षकाचे लक्ष कोठे आहे, डोळ्याला काय दिसते आणि काय निसटते, याचे भान रंगमंचावरील जादूगाराला असावेच लागते, आणि चौकटीचौकटीने भ्रम निर्माण करणाऱ्यालाही हेच भान लागते. फाळके यांनी पुढे ‘प्रोफेसर केल्फा’ या जादूगाराला आपल्या एका लघुपटातून पडद्यावरही आणले.

१९०२ मध्ये त्यांचा गिरिजा करंदीकर यांच्याशी विवाह झाला. विवाहानंतर त्यांचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात सरस्वतीबाईंचे नाव जितके यायला हवे तितके येत नाही, हे पुढील हकिकतीवरून दिसेल.

छापखाना

१९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरीस लागले. वंगभंगानंतरच्या स्वदेशी चळवळीच्या दिवसांत, १९०६ मध्ये, त्यांनी ही सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्यास छपाईचा कारखाना काढला. चित्रकार राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी ते प्रकाशशिलामुद्रणाचे काम करत. पुढे कारखाना दादरला हलला आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने नावारूपास आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. परंतु भागीदारांशी मतभेद झाले आणि स्वतः उभा केलेला हा धंदा सोडून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले.

रविवर्म्याच्या देवदेवतांची चित्रे तेव्हा घरोघरी भिंतींवर लागली होती. ती चित्रे एकेका रंगाच्या ठशातून कागदावर उतरताना फाळके यांनी पाहिली होती. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आरंभीच्या दृश्यात राजा, राणी आणि राजपुत्र ज्या रीतीने मांडलेले दिसतात, त्यात रविवर्म्याच्या चित्रशैलीची आठवण अनेक अभ्यासकांना झाली आहे.

पडद्याची पहिली ओळख

छापखाना सुटल्यानंतरच्या बेकारीच्या दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, फाळके आपला थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूवजा चित्रगृहात गेले. तेथे त्यांनी प्राण्यांची हलती चित्रे पाहिली. मुलाने घरी येऊन आईला पडद्यावर जिवंत जनावरे पाहिल्याचे सांगितले. कोणाचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी फाळके सर्व कुटुंबाला घेऊन तेथे गेले. सणाचे दिवस असल्याने त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट दाखवला गेला. ख्रिस्ताचे चमत्कार पडद्यावर पाहता पाहता आपल्या देशातील राम आणि कृष्ण असेच पडद्यावर का दिसू नयेत, हा विचार फाळके यांच्या मनात आला. हा अनुभव त्यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत नोंदवून ठेवला आहे.

पुढे जगप्रसिद्ध झालेले अमेरिकन सचेतनपटकार वॉल्ट डिस्ने यांनी वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा असताना, १९१७ साली, कॅन्सस सिटीत ‘स्नो व्हाइट’ हा मूकपट पाहिला होता आणि वीस वर्षांनी आपल्या पहिल्या दीर्घ सचेतनपटासाठी त्यांनी तीच कथा निवडली. डिस्ने यांच्या बालमनावर मूकपटाचा थेट ठसा उमटला. फाळके यांच्या बाबतीत क्रम उलटा होता. कथा बालपणीच्या होत्या, पडदा चाळिशीत भेटला. पण त्यानंतर त्यांनी जे केले ते लहान मुलाच्याच हट्टाने केले.

त्यांनी एक स्वस्तातले लहान यंत्र आणि काही फितींचे तुकडे मिळवले आणि मेणबत्ती व भिंग यांच्या साहाय्याने घरातच भिंतीवर चित्रे पाडून पाहू लागले. मुंबईतील चित्रगृहांत लागणारे खेळ ते रोज पाहत, पाहिलेल्याचा विचार करत रात्री जागवत. या अतिश्रमाने त्यांच्या डोळ्यांवर ताण आला आणि काही काळ दृष्टी जवळजवळ गेली. वैद्यकीय उपचार आणि वेगवेगळे चष्मे यांमुळे ती परत आली. ज्याचे सारे आयुष्य डोळ्यांच्या आधाराने चालले होते, त्याच्यावर हा प्रसंग यावा, ही गोष्ट किरकोळ नव्हे. आप्तांना हा मनुष्य भ्रमिष्ट झाला असे वाटू लागले होते. सरस्वतीबाई मात्र ठाम राहिल्या.

लंडनचा प्रवास

आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून फाळके यांनी पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते बोटीने लंडनकडे निघाले. तेथे त्यांची ओळख कोणाशीच नव्हती. मुंबईत ते ‘बायोस्कोप’ या सिनेमाविषयक साप्ताहिकाचे वर्गणीदार होते. पिकॅडिली भागात त्या साप्ताहिकाची पाटी दिसताच ते थेट कार्यालयात शिरले. संपादक कॅबर्न यांनी प्रथम त्यांना या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला, पण त्यांचा निर्धार पाहून वॉल्टन येथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळके यांना चित्रीकरणापासून फीत धुण्यापर्यंतची कामे पाहता आली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा त्यांनी विकत घेतला. कोरी फीत आणि फितीच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली. लंडनमधील मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा होता. १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईस परतले आणि फाळके फिल्म्स कंपनी स्थापन झाली.

यंत्रसामग्री आल्यावर दादरच्या घरीच कामाला सुरुवात झाली. त्या काळी कोरी फीत भोके न पाडलेल्या अवस्थेत येई. अंधारात बसून, हाताच्या स्पर्शाने अंदाज घेत तिच्या कडांना नेमक्या अंतरावर भोके पाडावी लागत. ती जरा चुकली तर पडद्यावरचे चित्र नाचू लागे. हे काम सरस्वतीबाई करू लागल्या. फीत धुणे, रसायने मिसळणे हेही त्या शिकल्या. घरची मुले सांभाळून, पुढे चित्रपटात काम करणाऱ्या सर्व मंडळींचा स्वयंपाकही त्यांनीच केला. भारतातील चित्रपट तंत्रज्ञांत पहिल्या स्त्रीचे नाव घ्यायचे झाले तर ते त्यांचे घ्यावे लागेल.

वाटाण्याचे रोप

‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, फाळके यांनी एक लहानशी फीत तयार केली होती. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी समोर कॅमेरा ठेवला आणि अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंत, म्हणजे सुमारे महिनाभर, ठरावीक अंतराने चौकटी टिपल्या. पडद्यावर पाहताना हे सर्व एखाद्या मिनिटात घडले. ही फीत ‘अंकुराची वाढ’ किंवा वाटाण्याच्या रोपाची वाढ या नावाने ओळखली जाते.

रोज एकच चौकट घेतल्याचे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. साध्या हिशेबाने ते जुळत नाही. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण सोळा चौकटी धरला, तर महिन्याच्या तीस चौकटी दोन सेकंदांतच संपतील. मिनिटभराच्या खेळाला साडेनऊशेच्या वर चौकटी लागतात. तेव्हा महिनाभर दररोज सरासरी तीस-बत्तीस चौकटी तरी टिपल्या गेल्या असल्या पाहिजेत. कॅमेरा हाताने फिरवायचा होता आणि नेहमीच्या पद्धतीत हँडलाच्या एका फेरीत आठ चौकटी सरकत. तेव्हा एकेक चौकट मोजून घेणे, मधल्या काळात कॅमेरा व कुंडी तसूभरही न हलू देणे आणि प्रकाश शक्य तितका सारखा ठेवणे, हे मोठ्या चिकाटीचे काम होते.

या फितीचा व्यावहारिक उपयोगही झाला. चित्रपटासाठी भांडवल हवे होते आणि केवळ शब्दांवर कोणी पैसे देण्यास तयार नव्हते. रोप डोळ्यांदेखत वाढताना पाहिल्यावर यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या स्नेह्यांनी कर्जाऊ रक्कम देऊ केली. सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही तारणासाठी दिले. पहिल्या भारतीय कथापटाचे भांडवल असे एका वाटाण्याच्या वेलीवर उभे राहिले.

राजा हरिश्चंद्र

कथानक म्हणून फाळके यांनी सत्यवचनी हरिश्चंद्राची कथा निवडली. वर्तमानपत्रांतून नटांसाठी जाहिराती दिल्या गेल्या. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. तारामतीसाठी मात्र कोणतीही स्त्री तयार होईना. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना ती भूमिका देण्यात आली. रोहिदासाचे काम फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केले. कॅमेऱ्यावर त्र्यंबक तेलंग होते. दादरच्या घराच्या आवारात देखावे उभारले गेले आणि बाह्यचित्रीकरण वांगणी येथे झाले. तलवारी-भाले घेतलेली मंडळी गावात पाहून लोकांना ती दरोडेखोर वाटली आणि पोलीस चौकशीस आले, ही हकिकत या चित्रपटाच्या आठवणींत हमखास सांगितली जाते.

सुमारे सात महिन्यांत ३,७०० फूट लांबीचा, चार रिळांचा हा मूकपट पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडवरील ऑलिम्पिया चित्रगृहात निमंत्रितांसाठी त्याचा खेळ झाला आणि ३ मे १९१३ पासून गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. खेळाआधी नाच, विनोदी नकला आणि कसरती असा कार्यक्रम ठेवलेला असे. केवळ चित्रपटासाठी लोक येतील याची खात्री अजून नव्हती. लोक आले.

याआधी चलच्चित्राचे प्रयत्न महाराष्ट्रात झालेच नव्हते असे नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ करत आणि काचा सरकवून त्या चित्रांत हालचालीचा भास निर्माण करत. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ पासून प्रत्यक्ष घटनांच्या फिती घेतल्या होत्या. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ मे १९१२ मध्ये दाखवला गेला. तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता. फाळके यांचे वेगळेपण असे की, कथा, देखावे, चित्रीकरण, फीत धुणे, जोडणी आणि प्रदर्शन ही सारी साखळी त्यांनी स्वतःच्या घरात उभी केली.

आगकाड्यांची मौज

१९१३ मध्ये फाळके यांनी आपले बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला हलवली. तेथे ‘मोहिनी भस्मासुर’ तयार झाला. त्यात दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमला यांनी कामे केली आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनी करण्याची सुरुवात झाली. त्यानंतर ‘सत्यवान सावित्री’ आला. १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या कामाची वाखाणणी झाली आणि तेथेच राहून काम करण्याची संधीही चालून आली होती. ती नाकारून ते परतले.

परतल्यावर परिस्थिती पालटली होती. पहिले महायुद्ध सुरू झाले होते. कोरी फीत परदेशातून येत असल्याने तिची टंचाई झाली, सावकारांनी हात आखडता घेतला. मोठ्या कथापटाची जुळवाजुळव अशक्य झाली. कंपनीची माणसे आणि प्रयोगशाळा मात्र चालू ठेवणे भाग होते. या टंचाईच्या काळातच, १९१५ मध्ये, ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट तयार झाला.

त्याला नट नको होते, पोशाख नको होते, देखावे नको होते. आगपेटीतील काड्या हेच त्यातले पात्र. काड्या मांडायच्या, एक चौकट टिपायची. काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा एक चौकट. मांडणाऱ्याचा हात कोठेही दिसत नाही आणि प्रेक्षकाला काड्या आपणहून हलताना दिसतात. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली आगकाड्यांचा असाच खेळ पडद्यावर आणला होता. फाळके यांच्या लघुपटाच्या संदर्भात कोल यांच्या कामाची आठवण काढली जाते. त्यात वावगे काही नाही. परदेशी तंत्र पाहावे, ते हाताने करून पहावे आणि आपल्याजवळच्या सामग्रीत बसवावे, हीच त्यांची रीत छपाईपासून चालत आली होती.

‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये नाण्यांचा असाच उपयोग केला गेला आणि ‘विचित्र शिल्प’ हा लघुपटही निर्जीव वस्तूंच्या हालचालीचा होता. अशा फिती मुख्य खेळाला जोडून दाखवल्या जात. ‘मोहिनी भस्मासुर’बरोबर ‘पीठाचे पंजे’ ही विनोदी फीत होती. फाळके यांनी तीर्थस्थळे, सण व पर्वण्या यांवरही लघुपट केले. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या १९१७ च्या फितीत तर त्यांनी आपला कारखानाच प्रेक्षकांपुढे उघडा केला. जादूगार सहसा आपली युक्ती सांगत नाही. फाळके यांच्यातील शिक्षकाने मात्र ती सांगून टाकली.

चौकटीचौकटीने विचार करण्याची ही सवय त्यांच्या पौराणिक चित्रपटांतही दिसते. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये हनुमान आकाशातून उडत जातो. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) मध्ये भयग्रस्त कंसाला आपलेच मस्तक धडावेगळे होताना दिसते. ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्ये बालकृष्ण डोहात उतरून कालियाशी झुंजतो. कॅमेरा थांबवून पात्र बदलणे, एकाच फितीवर दोनदा चित्रण करणे, भाग झाकून पुन्हा टिपणे या युक्त्यांनी हे साधले होते. फाळके यांच्या दृष्टीने चमत्कार हा कथेला लावलेला साज नव्हता. चमत्कार दाखवता येतो म्हणूनच ते चित्रपटाकडे वळले होते.

हिंदुस्थान कंपनी

‘लंकादहन’ला अफाट यश मिळाले. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. गिरगावातील वेस्ट एंड चित्रगृहात सकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत खेळ चालत. मद्रासकडील उत्पन्नाची नाणी पोत्यांत भरून, पोलीस बंदोबस्तात बैलगाडीने न्यावी लागली असे सांगतात.

या यशानंतर भांडवलदार पुढे आले. १९१८ च्या आरंभी वामन श्रीधर आपटे आणि अन्य भागीदार यांच्यासह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. फाळके कामकरी भागीदार होते. ‘श्रीकृष्णजन्म’ व ‘कालियामर्दन’ हे त्यांचे लोकप्रिय चित्रपट याच कंपनीचे होत. दोन्हींत कृष्णाची भूमिका त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केली. ‘कालियामर्दन’च्या आरंभी ती नुसत्या चेहऱ्याने निरनिराळे भाव दाखवते, पुढच्या कथेआधी प्रेक्षकाने अभिनय पाहावा, अशी ही योजना आहे.

पैशाचा आणि वेळेचा हिशेब मागणारे भागीदार व काम मनासारखे होईपर्यंत न सोडणारे फाळके यांचे जमणे कठीणच होते. मतभेद विकोपास गेले आणि फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीस जाऊन राहिले. तेथे त्यांनी तत्कालीन नाट्यव्यवसायावर टीका करणारे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते नाशिकला त्याच कंपनीत परतले, पण आता पगारी प्रमुख म्हणून. पुढील वर्षांत त्यांनी बरेच चित्रपट केले. पहिल्या सात-आठ वर्षांची झळाळी त्यांत कमीच आढळते. एकोणीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट केल्याचे मानले जाते.

बोलपट आणि अखेर

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मुंबईत प्रदर्शित झाला. फाळके तेव्हा ‘सेतुबंधन’ या मूकपटावर काम करत होते. तो १९३२ मध्ये पूर्ण झाला तेव्हा मूकपटाचे दिवस संपले होते. पुढे त्याला आवाज जोडून तो पुन्हा दाखवावा लागला. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांच्या निमंत्रणावरून फाळके यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. हा त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव मूळ बोलपट. तो १९३७ मध्ये, म्हणजे डिस्ने यांचा ‘स्नो व्हाइट’ आला त्याच वर्षी, प्रदर्शित झाला. तेव्हा फाळके सदुसष्ट वर्षांचे होते. तो चित्रपट फारसा चालला नाही.

१९३९ मध्ये भारतीय चित्रपटव्यवसायाचा रौप्यमहोत्सव मुंबईत साजरा झाला. ज्यांच्या चित्रपटापासून ही पंचवीस वर्षे मोजली गेली, ते फाळके त्या समारंभात इतर निमंत्रितांप्रमाणेच बसले होते. व्ही. शांताराम यांनी त्यांच्या घरासाठी निधी जमवण्याचे आवाहन केले. जमलेली रक्कम तुटपुंजी निघाल्याने शांताराम यांनी प्रभात कंपनीच्या वतीने भर घातली. त्या पैशातून नाशिकला फाळके यांचे घर उभे राहिले.

उतारवयात स्मृती आणि प्रकृती साथ देत नसतानाही नवा चित्रपट करण्याचा त्यांचा ध्यास सुटला नव्हता. दुसऱ्या महायुद्धामुळे चित्रपटनिर्मितीला सरकारी परवाना आवश्यक झाला होता. फाळके यांनी परवान्यासाठी अर्ज केला. १९४४ च्या फेब्रुवारीत नकाराचे पत्र आले. त्यानंतर लगेचच, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

स्मृती आणि अवशेष

भारत सरकारने १९६९ मध्ये त्यांच्या नावाने दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू केला; पहिला पुरस्कार देविका राणी यांना मिळाला. १९७१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढण्यात आले. मुंबईच्या उपनगरातील गोरेगाव येथील चित्रनगरीला २००१ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या निर्मितीची कथा सांगणारा परेश मोकाशी दिग्दर्शित ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा मराठी चित्रपट ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका होता.

सचेतनपटाचा धागा मात्र फाळके यांच्यानंतर बराच काळ विरळच राहिला. १९३४ मध्ये प्रभातने ‘जंबूकाका’ हा लघुपट केला. १९५६ मध्ये मुंबईतील फिल्म्स डिव्हिजनमध्ये स्वतंत्र सचेतनपट विभाग सुरू झाला आणि डिस्ने यांच्याकडे काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथे भारतीय चित्रकारांना प्रशिक्षण दिले. राम मोहन यांच्यासारखे कलावंत त्या विभागातून पुढे आले.

त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या चटकन पेट घेत आणि नीट न राखल्यास आपोआप कुजत. जुन्या फितींतील चांदी काढून घेण्यासाठीही त्या विकल्या गेल्या. भारतात तेराशेच्या वर मूकपट तयार झाले, त्यांपैकी अगदी थोडे शिल्लक आहेत. फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’, ‘लंकादहन’ व ‘श्रीकृष्णजन्म’ यांचे काही भाग, ‘कालियामर्दन’चा बराचसा भाग आणि ‘चित्रपट कसे तयार करतात’चा तुकडा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या प्रयत्नांमुळे आज पाहता येतो. ‘आगकाड्यांची मौज’ची प्रत उपलब्ध नाही.